काचेचं वेटोळं घेऊन पानिपतला

पहिलं वेटोळं मी कुरिअरने पाठवलं, त्याचे दिल्लीत अकरा तुकडे उतरले. दुसरं तिप्पट कापूस घालून पाठवलं. रुबिनाने उघडलेल्या खोक्याचा फोटो पाठवला, त्यात कापूस अगदी सुखरूप होता. मग तिचा फोन आला, "काका, आता काच पाठवू नका. तुम्हीच या."

अशा रीतीने वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मी दिल्ली पाहिली. म्हणजे दिल्लीतलं जे पाहिलं त्याला पाहणं म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. लाल किल्ला मी बसमधून पाहिला, तोही धुक्यात.

आधी माझा धंदा सांगतो. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी छत्तीस वर्षं काच फुंकली. साधी पात्रं बाजारात मिळतात. पण एखाद्या शास्त्रज्ञाला आंघोळ करताना सुचलेलं पात्र बाजारात मिळत नाही. तो ते कागदावर वेडंवाकडं काढून माझ्याकडे यायचा आणि मी ते ज्योतीवर घडवून द्यायचो. मी निवृत्त झालो तेव्हा साहेबांनी भाषण छान केलं आणि माझी जागा भरली नाही. आता काच फुटली की नवी मागवतात.

रुबिना शेख मूळची उदगीरची. पुण्यात शिकत होती तेव्हा रोज माझ्या टेबलाशी येऊन उभी राहायची. आता ती दिल्लीच्या एका संस्थेत केमिकल इंजिनिअरिंगमध्ये पीएच.डी. करते. तिचा विषय सूक्ष्म रिअ‍ॅक्टर. नाव भारदस्त आहे, पण वस्तू हातात घेतली तर काचेची बारीक नळी. आतून इतकी अरुंद की बाजरीचा दाणा अडकेल. दोन तोंडांनी दोन द्रावणं आत सोडायची, ती नळीत भेटतात, चालता चालता त्यांची क्रिया होते आणि पलीकडून तयार माल थेंबाथेंबाने बाहेर येतो.

"पण एवढंसं कशाला?" मी तिला एकदा विचारलं होतं.

"काका, पंगतीचा भात आठवा. मोठ्या हंड्यात कडेचा करपतो आणि मधला कच्चा राहतो. चार माणसांच्या पातेल्यात तसं होत नाही. नळी म्हणजे चमच्याएवढं पातेलं, पण न थांबता चालणारं. उष्णता लगेच बाहेर पडते. आणि बिघडलं तर चमचाभरच बिघडतं."

मोठा कारखाना आकसून टेबलावर आणायचा, पण काम तेवढंच घ्यायचं, अशी ही सगळी विद्या. अशी नळी कोरलेली तिची परदेशी बनावटीची काचेची प्लेट तडकली होती. नवी यायला सहा महिने लागणार होते, म्हणून तिने माझ्याकडे नळीचं वेटोळं मागितलं. शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपत होती आणि प्रबंधाचं शेवटचं प्रकरण कोरं होतं. त्या प्रकरणासाठी पानिपतच्या एका रंगारी शेठजींनी मोठ्या मिनतवारीनंतर तिला एक दिवस दिला होता. एकच.

कँटोन्मेंट

उतरलो भाचीकडे. वैशालीचा नवरा सैन्यात सुभेदार आहे. मी सामान उघडलं तर गोधडीत गुंडाळलेल्या काचेच्या नळ्या निघाल्या. जावईबापूंनी विचारलं, "मामा, हे काय?"

"रिअ‍ॅक्टरचं सामान."

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मामा, गेटवर विचारलं तर काचेच्या नळ्या म्हणा. फक्त नळ्या. बिल्कुल दुसरा शब्द नको."

त्यांची सात वर्षांची गुंजन मराठी बोलते, पण शब्द कमी पडला की हिंदीतला घालून वाक्य पुढे रेटते. मी थंडीने कुडकुडत होतो. म्हटलं, "मला हुडहुडी भरली." ती आत जाऊन आईला म्हणाली, "मम्मी, आजोबांच्यात काहीतरी भरलंय, जल्दी ये." नंतर तीन दिवस ती हा शब्द येईल त्याच्यावर वापरत होती. शेजारच्या कुत्र्यालाही हुडहुडी भरली होती.

वैशालीने पोहे केले, त्यात पोह्यांपेक्षा मटार जास्त. "इथे जानेवारीत मटार असाच येतो, मामा. भाजीत, भातात, पराठ्यात. मार्चपर्यंत सुटका नाही," ती म्हणाली. मला हरकत नव्हती. दिल्लीचा मटार गोड असतो, हे मी पुण्यात कुणासमोर म्हणणार नाही.

मुनिरका

दुसऱ्या दिवशी रुबिना न्यायला आली. तिची खोली मुनिरक्यात. तिथल्या गल्ल्या इतक्या अरुंद की दोन समोरासमोरच्या गॅलऱ्यांतली माणसं एकमेकांना साखर देऊ शकतील, आणि देतातही. वर विजेच्या तारांचं जाळं, खाली मोमोच्या गाड्या. आपल्याकडे उकडीचा मोदक हातात आला की क्षणभर थांबतो. इथे मोमो झणझणीत लाल चटणीत बुडवून उभ्या उभ्या गिळतात. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रुबिना म्हणाली, "काका, भावुक झालात?"

संस्थेतली काचकामाची खोली तिने चावी मिळवून उघडली आणि मी खरोखर भावुक झालो. आत मोडक्या खुर्च्या छतापर्यंत रचलेल्या. त्यांच्यामागे टेबल, आणि टेबलावर तसाच बसवलेला बर्नर. खिळ्याला ज्योतीकडे बघताना घालायचा निळा चष्मा लटकत होता. इथलाही काचवाला निवृत्त झाला, त्यालाही चार वर्षं झाली. मला तो माणूस माहीत नव्हता, पण त्याने बर्नर जाताना पुसून ठेवला होता, एवढं दिसलं.

दुपार खुर्च्या काढण्यात गेली. मग गॅस जोडला, ज्योत लावली आणि पुण्याहून आणलेली नळी तापवून कांडीभोवती गुंडाळू लागलो. हे काम भाकरी थापण्यासारखं असतं. हात थांबला की बिघडलं. पहिलं वेटोळं चपटं झालं. दुसरं संध्याकाळी जमलं, चौदा वळ्यांचं, हातात मावणारं. सुरुवातीला दोन नळ्या इंग्रजी टी अक्षरासारख्या जोडल्या. त्या जागी द्रावणं भेटणार.

रुबिनाने ते दोन्ही हातांत धरून पाहिलं. "काका, हे प्लेटपेक्षा छान दिसतंय."

"छान दिसून उपयोग नाही. चालायला हवं."

पानिपत

पहाटे निघालो. धुकं इतकं की ड्रायव्हर रस्ता आठवणीने चालवत असावा. वेटोळं माझ्या मांडीवर गोधडीत होतं. मुरथळच्या ढाब्यांवर सगळ्या गाड्या थांबतात तशी आमचीही थांबली. पराठा आला, त्यावर लोण्याचा गोळा. मी गोळा बाजूला काढला तर वाढपी नाराज झाला आणि त्याने दुसरा ठेवला.

मदनलालजींचा रंगखाना गावाच्या कडेला होता. अंगणात बांबूंवर सुताच्या लडी वाळत होत्या, लाल, पिवळ्या, मोरपंखी. शेठजी स्वतः सत्तरीचे. अंगावर दोन स्वेटर, वर शाल, वर घोंगडी. माझ्याकडे बघून म्हणाले, "मास्टरजी, इतनी छोटी चीज़ के लिए इतनी दूर से आए?"

त्यांचं काम असं. सूत आधी नेफ्थॉल नावाच्या रसायनाच्या पाण्यात भिजवायचं, ते पिवळट दिसतं. मग ते दुसऱ्या द्रावणात बुडवलं की डोळ्यांदेखत लाल होतं. हे दुसरं द्रावण मोठं नाजूक. ते मोठ्या टाकीत बर्फाच्या लाद्या टाकून करावं लागतं. जरा तापलं की बुडबुडे येतात, रंग बिघडतो, आणि संध्याकाळी उरलेलं गटारात जातं. रुबिनाचं म्हणणं, नळीत ते लागेल तेवढंच बनवा, बर्फ नको आणि उरणंही नको.

"बर्फ नहीं?" शेठजी म्हणाले. त्यांनी तोंडातून वाफ सोडून दाखवली. "बेटी, जनवरी में तो वैसे भी नहीं चाहिए. पूरा पानिपत बर्फ है. जून में आती!"

रंगमास्तर रणबीर हसला. पन्नाशीचा, उंच, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत लाल. शेवटचा शब्द त्याचा असतो, हे शेठजींनी आधीच सांगून टाकलं. रणबीरने लाल म्हटलं तर लाल. रणबीर आम्हाला म्हणाला, "रंग मैं धूप में मिलाता हूँ. बल्ब के नीचे सब लाल एक जैसे. धूप गई, तो बात गई." ऊन अकराला आलं होतं आणि पाचला जाणार होतं.

रुबिनाने द्रावणांच्या दोन बाटल्यांना दोन पंप जोडले, वेटोळं पाण्याच्या टबात ठेवलं. पलीकडून द्रावण थेंबाथेंबाने यायला लागलं. दहा मिनिटं सगळं ठीक. मग थेंब मंदावले. रणबीरने त्यात पहिली लड बुडवली आणि उचलली. ती लाल नव्हती. आपल्या तव्यावर जास्त राहिलेल्या नाचणीच्या भाकरीचा रंग असतो, तशी होती.

शेठजींनी घोंगडी आवळून घेतली, तेवढंच.

रुबिना घाबरली आणि तिने घाबरलेला इंजिनिअर करतो तेच केलं. पंपाचा जोर वाढवला. मी "अगं थांब" म्हणेपर्यंत बारीक आवाज आला. टिक्. छत्तीस वर्षांत हा आवाज मी झोपेतही ओळखायला शिकलो आहे. टी जोडाशी काच तडकली आणि द्रावण माझ्या पँटवर उडालं.

तिने पंप बंद केले आणि स्टुलावर बसली. "काका, पानिपत झालं."

"अगं, निदान पानिपतात बसून तरी असं म्हणू नकोस."

ती हसली नाही. तेव्हा मला तिचं कोरं प्रकरण आठवलं.

रणबीरने त्यातली एक बाटली उचलून पाहिली. तळाशी खडीसाखरेसारखे पांढरे स्फटिक बसले होते. थंडीने द्रावण बाटलीतच गोठत होतं आणि स्फटिक नळीच्या तोंडात अडकत होते, म्हणून ते द्रावण कमी पडून रंग बिघडला होता. जे यंत्र उष्णतेपासून वाचवायला केलं, ते थंडीने अडलं होतं. संस्थेच्या प्रयोगशाळेत हीटर असतो, त्यामुळे हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"इसे रज़ाई चाहिए," रणबीर म्हणाला.

घोंगड्या विणणाऱ्या पानिपतात त्यांना काय तोटा? पाच मिनिटांत बाटली कोमट पाण्याच्या घमेल्यात बसली आणि तिच्या अंगावर हिरवी घोंगडी आली. रुबिना त्यातही थर्मामीटर खोचून आकडा लिहून घेत होती, तेव्हा मला वाटलं, ही पोरगी तरेल.

राहिला जोड. माझी हातात धरायची ज्योत, म्हणजे छोटा बर्नर, मी पिशवीत आणली होती, तिच्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही. गॅस आणि ऑक्सिजन शेजारच्या वेल्डरकडे मिळाले. वेटोळं धुऊन वाळवलं. पण शेडला भिंती दोनच, वारा ज्योत हलवायचा. रणबीरने भोवती घोंगड्या टांगल्या. मी काच हातात घेतली आणि लक्षात आलं की बोटं थरथरताहेत. थंडीने की वयाने, ते मी स्वतःला विचारलं नाही. पण जोड सांधताना एका हाताने फिरवायचं, दुसऱ्याने ज्योत धरायची आणि तोंडातल्या रबरी नळीने आत फुंकायचं, ही तिन्ही कामं एकदम मला त्या दिवशी झेपणार नव्हती.

"रुबिना, नळी तोंडात धर."

"मी? काका, माझ्याने बिघडेल."

"बिघडलेलंच आहे. मी सांगेन तेव्हा फुंक. दुधावरची साय हलेल एवढंच."

काच केशरी झाली. तड मिटायला लागली, पण भोकही मिटू पाहत होतं. "आता," मी म्हणालो. तिने डोळे घट्ट मिटून फुंकलं. "डोळे उघडून फुंक, बाळा." तिने उघडले. भोक पुन्हा गोल झालं. वेल्डर मोबाइलवर चित्रीकरण करत होता, तोही म्हणाला, "वाह."

गरम काच लगेच हवेत ठेवली तर पुन्हा तडकते. बॉयलरच्या कोमट राखेत ती पुरली आणि घड्याळात पाहिलं. सव्वा वाजला होता. तीनपर्यंत थांबणं भाग होतं. कारखान्यात बसून रुबिना राखेच्या ढिगाकडे बघत राहिली असती, म्हणून रणबीर म्हणाला, "चलो ताऊ, आपको काला अंब दिखा दूँ."

तो आम्हाला ई-रिक्षातून घेऊन गेला. मला वाटलं होतं तिथे आंब्याचं झाड असेल. झाड कधीच गेलं. आता बाग आहे, मध्ये पानिपतच्या तिसऱ्या लढाईच्या आठवणीचा लाल विटांचा खांब. धुकं विरलं होतं आणि शाळकरी मुलं गवतावर केळी खात होती. साताऱ्याकडची काही माणसं फेटे बांधून फोटो काढत होती. मी चपला काढून उभा राहिलो. काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. जानेवारीतल्या या थंडीत उपाशी पोटी उभं राहणं म्हणजे काय, हे मात्र माझ्या पायांना कळलं. मी तर दोन लोण्याचे गोळे खाऊन आलो होतो.

रणबीर म्हणाला, "ताऊ, हम भी मराठा हैं. रोड मराठा. हमारे बुज़ुर्ग कहते हैं, लड़ाई के बाद जो यहीं रह गए, हम उन्हीं के हैं."

"मराठी येतं?"

"एक अक्षर नहीं."

रुबिना म्हणाली, "मी उदगीरची. आमच्या गावची लढाई जिंकूनच मराठे पुढे इकडे आले होते."

रणबीरने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तो आप लोग बहुत देर से पहुँचे," तो म्हणाला, आणि आम्ही तिघेही त्या जागी हसू नये तेवढ्या मोठ्याने हसलो.

परतलो तेव्हा रणबीरच्या घरून डबा आला होता. बाजरीची खिचडी, तुपात बुडलेली, आणि सोबत लोणचं. आपली खिचडी आजाऱ्याची असते, यांची पैलवानाची. रुबिनाने दोन घास खाल्ले आणि राखेकडे गेली.

वेटोळं बाहेर काढलं. जोड जरा जाडा झाला होता, बोटावरल्या गाठीसारखा. पाणी सोडलं. गळलं नाही. पंप लावले, जोर कमी ठेवला. थेंब यायला लागले, न अडखळता. साडेचार वाजले होते. आंब्याच्या रसासारखी केशरी पडलेली उन्हं अंगणातल्या भिंतीवर चढत होती. रणबीरने लड बुडवली.

पिवळट सूत पाण्याखाली गेलं आणि वर आलं तेव्हा लाल होतं. मध्ये काही नाही. मी इतकी वर्षं रसायनांच्या शेजारी बसलो, पण असं लाल होताना कधी पाहिलं नव्हतं. त्याने दुसरी बुडवली, तिसरी बुडवली. धुतल्या, पिळल्या आणि बर्फाच्या टाकीतली कालची लड घेऊन तो धावत अंगणात गेला. ऊन भिंतीच्या वरच्या हातभर पट्ट्यात उरलं होतं. हा सहा फुटी माणूस दगडावर चढून दोन्ही लडी डोक्यावर धरून उभा राहिला. सगळे खालून बघत होते. शेठजींनी घोंगडी टाकली.

रणबीरने हात खाली घेतले, लडी पाठीमागे नेल्या, बदलल्या, पुन्हा वर धरल्या. मग म्हणाला, "लालाजी, मैं भूल गया कौन सी किसकी है."

रुबिनाने माझा दंड इतका घट्ट पकडला की संध्याकाळी वैशालीने विचारलं, कुठे पडलात?

शेठजींनी मशीन विकत घेतलं नाही. ते म्हणाले, "होली तक कोने में रख दो. रोज़ चलाओ. गर्मी आने दो, फिर बात करेंगे." रुबिनाला याहून जास्त काही नको होतं. दीड महिना रोजचे आकडे म्हणजे तिचं प्रकरण. पण निघताना शेठजींनी ती भाकरीच्या रंगाची पहिली लड हातात घेतली. "और बेटी, ये वाला शेड कैसे बना? दिल्ली वाले ऐसा ही माँगते हैं आजकल." रुबिनाने त्यांना दहा मिनिटं समजावलं की तो रंग नव्हे, चूक आहे. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "हाँ, पर दोबारा बना दोगी?"

शेवटचे दोन दिवस

परतीची गाडी दोन दिवसांनी होती. जावईबापूंनी यादी केली होती, कुतुबमिनार, लोटस टेंपल, चांदणी चौकातली जिलबी. सकाळी रुबिनाचा फोन आला. "काका, होळीपर्यंत ते वेटोळं नक्की एकदा तरी फुटणार. तुम्ही पुण्यात. मला जोड शिकवा."

"दोन दिवसांत? मला येईपर्यंत दोन वर्षं गेली होती."

"मग दोन वर्षांतले पहिले दोन दिवस शिकवा."

आम्ही त्या खोलीत बसलो. निळा चष्मा तिला मोठा होत होता, तिने मागून दोऱ्याने बांधला. पहिल्या दिवशी तिने अंगठा भाजून घेतला आणि सतरा नळ्या वाया घालवल्या. काही मिटल्या, काही फुग्यासारख्या फुटल्या, एक तर चक्क प्रश्नचिन्हासारखी झाली. बाहेरून जाणारी मुलं दारात थांबून बघायची. एका मुलीने विचारलं, हे कधी शिकवतात? रुबिना ज्योतीवरून नजर न काढता म्हणाली, "आज. आत ये, पण खुर्ची बाहेरून आण." परवाच बाहेर काढलेली खुर्ची पुन्हा आत आली.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास तिचा एक जोड लागला. वाकडा होता, एका बाजूला गोळा, दुसऱ्या बाजूला चिमटलेला. माझ्या गुरूंनी तो पाहिला असता तर काही न बोलता कचऱ्याच्या डब्यात टाकला असता. मी त्यात पाणी सोडलं आणि उजेडाकडे धरला. आम्ही दोघांनी श्वास रोखून पाहिलं. खालच्या बाजूने एक थेंब जमला, वाढला आणि टेबलावर पडला.

"गळतोय," ती म्हणाली.

"एकाच ठिकाणी गळतोय," मी म्हणालो आणि ज्योत पुन्हा तिच्या हातात दिली.